फाडलेली पाने आणि उरलेली रोजनिशी

१)
९ जानेवारी १६६३. लंडनमधील सीदिंग लेन. इंग्लंडच्या नौदल कार्यालयालगतच्या एका घरात पहाटेच पती-पत्नीत वाद जुंपला आहे. पत्नी मोलकरणीला हाक मारते, आपल्या पेटीच्या किल्ल्या तिच्या हाती देते आणि कागदांचे एक बाड आणवते. त्यातील एक कागद काढून ती पतीला वाचून दाखवू लागते. घराच्या चार भिंतींत एकटीने काढावे लागणारे आयुष्य किती नकोसे झाले आहे, हे तिने त्यात लिहिले आहे.

पती तो कागद फाडून टाकण्याची आज्ञा करतो. ती नकार देते. तो कागद हिसकावून घेतो आणि फाडतो.

२)
तेवढ्यावर तो थांबत नाही. उरलेले बाडही ओढून घेतो, अंगात केवळ सदरा असताना पलंगावरून उडी मारतो आणि कागद आपल्या विजारीच्या खिशात कोंबतो. मग कपडे चढवून एकेक कागद बाहेर काढतो आणि तिच्या डोळ्यांदेखत फाडत जातो. ती रडत असते, विनवत असते. त्या कागदांत त्यानेच तिला पूर्वी लिहिलेली प्रेमपत्रेही असतात.

पती सॅम्युअल पीप्स, वय २९. पत्नी एलिझाबेथ, वय २२. ही हकिकत आज साडेतीनशे वर्षांनंतर ज्ञात आहे, याचे कारण एकच : फाडणाऱ्यानेच ती आपल्या रोजनिशीत लिहून ठेवली.

एक रोजनिशी का उरली आणि एक बाड का उरले नाही, याचा हा धागा.

३)
पीप्सचा जन्म २३ फेब्रुवारी १६३३ रोजी लंडनमध्ये झाला. वडील शिंपी, आई खाटकाच्या कुटुंबातील. शिक्षण सेंट पॉल्स शाळेत आणि केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात. १६५५ मध्ये एलिझाबेथशी विवाह झाला तेव्हा ती अवघी पंधरा वर्षांची होती. एडवर्ड मॉन्टेग्यू हा नौदलातील बडा नातेवाईक पाठीशी होता, एवढेच काय ते भांडवल.

मार्च १६५८ मध्ये मूत्राशयातील खडा काढण्याची शस्त्रक्रिया झाली. भूल देण्याची सोय नसलेला तो काळ. पीप्स वाचला. पुढे तो खडा त्याने खास डबी करवून जपून ठेवला आणि शस्त्रक्रियेचा दिवस दरवर्षी मेजवानी देऊन साजरा करण्याचा संकल्प सोडला.

४)
१ जानेवारी १६६० रोजी त्याने रोजनिशीला आरंभ केला. महाराष्ट्रात प्रतापगडच्या पायथ्याशी अफझलखान मारला गेला, त्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. (इंग्लंडमधील येथील तारखा तिथे त्या काळी प्रचलित असलेल्या ज्युलियन दिनदर्शिकेच्या आहेत.)

३१ मे १६६९ पर्यंत, म्हणजे जवळजवळ साडेनऊ वर्षे, तो लिहीत राहिला. सहा खंड, सुमारे साडेबारा लाख शब्द. ऑफिसातील कामे, जेवणातील पदार्थ, नाटके, पगार, भांडणे, आजारपण, नव्या कपड्यांची किंमत, दरबारातील कुजबुज. सारे काही त्यात आहे, आणि सारे एकाच ओळीत बसलेले आहे. इतिहासाच्या पुस्तकात ज्या गोष्टी वेगवेगळ्या प्रकरणांत जातात, त्या येथे एकाच दिवसात शेजारी-शेजारी राहतात.

५)
एक दिवस पाहू. १३ ऑक्टोबर १६६०. राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या आदेशावर स्वाक्षरी करणाऱ्यांपैकी मेजर-जनरल हॅरिसन याला चेरिंग क्रॉस येथे फाशी देऊन त्याच्या देहाचे तुकडे करण्यात आले. पीप्स ते पाहायला गेला. राजाचा शिरच्छेदही आपण पाहिला आणि आता त्याच्या सूडाचे पहिले रक्तही पाहिले, अशी नोंद त्याने केली.

नंतर त्याने दोन परिचितांना खाणावळीत नेऊन कालवे खाऊ घातली. घरी आल्यावर पत्नीच्या वस्तू इतस्ततः पडलेल्या पाहून तो संतापला आणि हॉलंडहून तिच्यासाठीच आणलेली सुंदर टोपली त्याने लाथेने मोडली. मग वाईट वाटले. दुपारभर अभ्यासिकेत फळ्या ठोकण्याचे काम चालले.

६)
हॅरिसनचा वध कोणत्याही इतिहासग्रंथात सापडतो. मोडलेली टोपली मात्र येथेच सापडते. आणि टोपलीमुळे त्या वधाचाही अर्थ थोडा बदलतो. सत्तांतर, सूड, राजनिष्ठा हे शब्द ज्या समाजाला लागू होतात, त्या समाजातील माणूस त्याच दिवशी कालवे खात होता, फळ्या ठोकत होता आणि घरातील पसाऱ्यावरून चिडत होता.

आपल्याकडे त्याच शतकासाठी शकावल्या आहेत, बखरी आहेत, सनदा आणि पत्रे आहेत. शकावली घटनेचा दिवस सांगते, बखर घटनेची कथा सांगते. रोजनिशी त्या दिवसाची सकाळ आणि दुपार सांगते. म्हणून अशा साधनाचे मोल वेगळे.

७)
आणखी एक गोष्ट रोजनिशीतच आढळते : माणसाने लपवलेले भय. राजाचा शिरच्छेद झाला तेव्हा पीप्स पंधरा वर्षांचा शाळकरी मुलगा होता आणि कट्टर राजविरोधक होता. त्या दिवशी मित्रांत त्याने राजाविरुद्ध बरेच काही बोलून घेतले होते.

१६६० मध्ये राजेशाही परत आली आणि पीप्स राजाचा नोकर झाला. त्याच वर्षी १ नोव्हेंबर रोजी एका मेजवानीत शाळेतील एक जुना सोबती भेटला. पीप्स तेव्हा किती राजविरोधी होता, याची आठवण त्या सोबत्याने सर्वांसमक्ष काढली. त्या दिवशीचे ते वाक्यही याला आठवत असेल की काय, या शंकेने पीप्सची गाळण उडाली. सरकारी दप्तरात असली धडधड नोंदली जात नाही.

८)
राजेशाहीच्या पुनरागमनाने त्याचे नशीब उघडले. मे १६६० मध्ये दुसऱ्या चार्ल्सला हॉलंडहून आणण्यासाठी मॉन्टेग्यूच्या आरमारासोबत तो गेला. परतल्यावर ‘क्लार्क ऑफ दि ॲक्ट्स’ हे नौदल कार्यालयातील पद मिळाले : वार्षिक वेतन ३५० पौंड आणि सीदिंग लेनमधील घर.

अडचण एवढीच की त्याला जहाजांतले काही कळत नव्हते, आणि गणितही कच्चे होते. जुलै १६६२ मध्ये केंब्रिजचा हा पदवीधर पहाटे चार वाजता उठून पाढे घोकत होता. शिक्षक होता कूपर नावाचा एक एकाक्ष खलाशी-अधिकारी. पीप्सच्या मते सर्वांत अवघड भाग पाढ्यांचाच होता.

९)
पाढ्यांमागे व्यावहारिक कारण होते. जहाजाच्या लाकडाचे माप ठेकेदार सांगेल तेच खरे मानले, तर सरकार प्रत्येक ओंडक्यामागे नागवले जात असे. पीप्सने लाकूड मोजायला शिकून घेतले, दोरखंडांची प्रत तपासायला शिकून घेतले, गोद्यांत पायी फिरून हिशेब पडताळले. पुढे इंग्लंडच्या नौदलाला शिस्तबद्ध खात्याचे रूप देणाऱ्यांत त्याची गणना झाली.

त्याच रोजनिशीत ठेकेदारांनी दिलेल्या ‘भेटीं’चीही नोंद आहे. पाकिटातील नाणी आपण पाहिली नाहीत असे उद्या शपथेवर सांगता यावे, म्हणून पाकीट रिकामे होईपर्यंत त्यात न डोकावण्याची युक्तीही त्यानेच लिहून ठेवली आहे. कर्तबगार अधिकारी आणि लाच घेणारा अधिकारी एकाच देहात कसे नांदतात, याचा इतका स्पष्ट पुरावा दुर्मीळ आहे.

१०)
अनपेक्षित क्षण तर पानोपानी. २५ सप्टेंबर १६६० रोजी त्याने चीनहून आलेले एक पेय मागवले. ते त्याने पूर्वी कधी प्यायले नव्हते. ते पेय म्हणजे चहा. इंग्रज आणि चहा ही जोडी तेव्हा जुळायची होती.

जानेवारी १६६१ मध्ये नाट्यगृहात पुढे बसलेल्या एका स्त्रीने अंधारात मागे थुंकले, ते नेमके पीप्सच्या अंगावर. वळून पाहिल्यावर ती देखणी असल्याचे दिसले, म्हणून आपल्याला काही वाटले नाही, असे तो प्रांजळपणे लिहितो. ज्यातून कोणताही निष्कर्ष निघत नाही, अशा या नोंदी आहेत. त्या काळाचा श्वास मात्र त्यांतच ऐकू येतो.

११)
या रोजनिशीत मुंबईही आहे. १६६१ च्या विवाहकरारानुसार पोर्तुगालच्या राजकन्येच्या, ब्रागांझाच्या कॅथरिनच्या, हुंड्यात मुंबई बेट दुसऱ्या चार्ल्सला मिळाले. ताबा घेण्यासाठी अर्ल ऑफ मार्लबरोच्या नेतृत्वाखाली जहाजे आणि सर अब्राहम शिपमनच्या हाताखाली सैनिक निघाले. तिथल्या पोर्तुगीज अधिकाऱ्याने मात्र सबबी पुढे करून ताबा नाकारला.

१५ मे १६६३ रोजी पीप्सने ही वार्ता नोंदवली : पोर्तुगीजांनी आपल्याला फसवले, इतका खर्च करून जहाजे पाठवली ती व्यर्थ गेली आणि राजा भलताच संतापला आहे. पुण्यात लाल महालात शायिस्तेखानाची बोटे तुटली, त्याला तेव्हा जेमतेम महिना-दीड महिना झाला होता.

१२)
सप्टेंबर १६६३ मधील नोंद अधिक मजेशीर. मुंबई आणि आसपासची बेटे मिळून एकच सलग भूभाग आहे, अशी राजाची आणि त्याच्या विद्वान सल्लागारांची समजूत करून देण्यात आली होती. तसा नकाशाही काढून दाखवला गेला होता. प्रत्यक्षात हाती येणार होते ते एक लहानसे, गरीब बेट.

शिपमन आणि त्याचे बहुसंख्य सैनिक कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत रोगराईने मेले. ताबा मिळाला तो फेब्रुवारी १६६५ मध्ये. १६६८ मध्ये राजाने ते बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकले. तहाच्या मसुद्यात राजाची फजिती नोंदलेली नसते. ती अशा खासगी पानांत उरते.

१३)
मुंबईविषयीची पहिली नोंद ज्या मे महिन्यातील, त्याच महिन्यात पीप्सच्या घरात वेगळेच वादळ चालू होते. जानेवारीतील त्या फाडाफाडीनंतर दोन महिन्यांनी एलिझाबेथसाठी एक सोबतीण ठेवण्यात आली. पुढे नृत्यशिक्षकही आला. आणि पीप्सला मत्सराने ग्रासले. पत्नी आणि नृत्यशिक्षक नाचत नसून नुसतेच बोलत बसलेले दिसले, तर ऑफिसात त्याचे मन लागेना, रात्री झोप येईना.

तो स्वतः त्या वर्षांत परस्त्रियांच्या मागे होता. ही विसंगती त्याला दिसत होती की नाही, हा प्रश्न वाचकाला पडतो. त्याने मात्र दोन्ही गोष्टी त्याच शाईने लिहिल्या.

१४)
१६६५ मध्ये प्लेग आला. ७ जून रोजी ड्रुरी लेनमध्ये दोन-तीन घरांच्या दारांवर तांबडा क्रूस आणि देवाच्या दयेची याचना लिहिलेली त्याने पाहिली. स्वतःच्या अंगाला कसला वास येतो आहे, अशी शंका येऊन त्याने तंबाखू विकत घेतली; हुंगली, चघळली, तेव्हा जिवात जीव आला. त्याच जूनमध्ये इकडे पुरंदरचा तह होत होता.

अधिकृत मृत्युपत्रकांनुसार त्या वर्षी लंडनमध्ये ६८,५९६ माणसे प्लेगने मेली. प्रत्यक्ष आकडा याहून मोठा असावा, असे इतिहासकार मानतात.

१५)
एलिझाबेथला त्याने वुलिच येथे हलवले. स्वतः मात्र कामासाठी बराच काळ शहरात राहिला. डच युद्ध चालू होते. आरमाराला रसद हवी होती.

सप्टेंबरच्या आरंभी त्याने नवा केसांचा टोप घातला आणि त्याला प्रश्न पडला : प्लेग संपल्यावर या टोपांच्या फॅशनचे काय होणार? मेलेल्यांचे केस कापून टोप बनवले असतील, या भीतीने लोक ते विकत घेतील का?

वर्षअखेरीचा हिशेब त्याहून चकित करणारा. त्या वर्षात त्याची संपत्ती १,३०० पौंडांवरून ४,४०० पौंडांवर गेली, आणि इतक्या आनंदात आपण कधीच राहिलो नव्हतो, असे त्याने नमूद केले. महामारीत कोणाचे काय झाले, या प्रश्नाला एकच एक उत्तर नसते.

१६)
२ सप्टेंबर १६६६, रविवार. पहाटे तीनच्या सुमारास जेन या मोलकरणीने मालकांना उठवले : शहरात मोठी आग दिसते आहे. पीप्सने खिडकीतून पाहिले, आग पुरेशी दूर आहे असे ठरवले आणि तो पुन्हा झोपला.

पुडिंग लेनमधील एका भटारखान्यात लागलेली ती आग चार दिवसांत सुमारे १३,२०० घरे आणि ८७ चर्च गिळणार होती. शिवाजी महाराज आग्र्याहून निसटले ते त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये.

इतिहासातील महान दिवसाचे पहिले तास असेच जातात. तो महान दिवस आहे, हे कोणालाच ठाऊक नसते.

१७)
सकाळी पीप्स बाहेर पडला. नदीवरून त्याने पाहिले : लोक सामान होड्यांत फेकत होते, आणि कबुतरे आपली घरे सोडायला तयार नव्हती. खिडक्या-सज्जांभोवती घिरट्या घालताना काहींचे पंख होरपळले आणि ती खाली पडली.

तो थेट राजवाड्यात गेला आणि घरे पाडल्याखेरीज आग थांबणार नाही, असे राजाला सांगितले. राजाचा तसा हुकूम घेऊन तो महापौराला शोधत आला. गळ्याभोवती रुमाल बांधलेला, थकून गेलेला महापौर हताश होऊन म्हणाला, की लोक आपले ऐकत नाहीत, आणि घरे पाडण्याआधीच आग पुढे सरकते.

१८)
४ सप्टेंबर रोजी आग घराजवळ आली. पीप्सने आणि सहकारी सर विल्यम पेन यांनी खड्डा खणून त्यात आपली वाइन पुरली. पीप्सने आपले पार्मेझान चीजही पुरले. ही नोंद पुढे जगप्रसिद्ध झाली. इटलीहून येणारे ते चीज तेव्हा मौल्यवान वस्तू होती, हे लक्षात घेतले की हसू थोडे आवरते.

५ सप्टेंबर रोजी जळलेल्या शहरातून फिरताना त्याने पाहिले, की एका धुराड्याच्या भोकातून एक मांजर बाहेर काढले गेले. अंगावरचे सारे केस जळलेले, पण जिवंत. त्याचे घर वाचले. ऑफिस वाचले. रोजनिशीही वाचली.

१९)
पुढच्या वर्षी, जून १६६७ मध्ये, डच आरमार मेडवे नदीत शिरले. त्यांनी इंग्रजांची जहाजे जाळली आणि ‘रॉयल चार्ल्स’ हे जहाज ओढून नेले. राजा ज्या जहाजातून इंग्लंडला परतला होता, तेच हे जहाज. घबराटीत पीप्सने पत्नी आणि वडील यांच्याकडे १,३०० पौंडांचे सोने देऊन त्यांना गावी धाडले.

त्यांनी ते बागेत पुरले, तेही दिवसाढवळ्या. ऑक्टोबरमध्ये पीप्स रात्री कंदील घेऊन खणायला गेला, तर पिशव्या कुजलेल्या आणि नाणी मातीत विखुरलेली. मग माती बादलीने भरून आणून, धुऊन, चाळून नाणी वेचण्यात आली. काही कमी भरली ती भरलीच. साम्राज्याच्या पराभवाचा हा घरगुती हिशेब.

२०)
आतापर्यंतचा पीप्स वाचकाला आवडू लागलेला असतो. तेथेच थांबणे सोयीचे, पण खरे नव्हे.

त्याच रोजनिशीत त्याने केरसुणीने जेनला ती ओरडेपर्यंत मारल्याचे लिहिले आहे. डिसेंबर १६६४ मध्ये एलिझाबेथच्या डोळ्यावर ठोसा मारल्याचे लिहिले आहे. गोदीतील एका सुताराला बढती हवी होती. त्याच्या पत्नीवर पीप्सने पदाचा धाक आणि आमिष वापरून पुनःपुन्हा जबरदस्ती केली, हेही लिहिले आहे. असे प्रसंग लिहिताना तो इंग्रजीत स्पॅनिश, फ्रेंच, लॅटिन शब्दांची खिचडी करतो. स्वतःशी बोलतानाही काही गोष्टी सरळ भाषेत म्हणवत नव्हत्या, याची ती खूण.

२१)
२५ ऑक्टोबर १६६८ रोजी एलिझाबेथने त्याला तिच्याच सोबतिणीच्या, डेब विलेट या तरुणीच्या, मिठीत पाहिले. पुढचे काही महिने घरात शांतता नव्हती. डेबला घालवून देण्यात आले. त्या अपराधाचा सर्वांत मोठा दंड तिनेच भोगला. जानेवारी १६६९ मधील एका रात्री एलिझाबेथ लाल तापवलेला चिमटा घेऊन पलंगाशी उभी राहिली.

एलिझाबेथचा राग, तिचे रडणे, तिचे टोमणे या पानांत स्पष्ट ऐकू येतात. परंतु ते ऐकू येतात पीप्सच्या कानांतून. जेन, डेब, सुताराची पत्नी यांचेही तसेच. कोणता प्रसंग लिहायचा आणि कुठे थांबायचे, हे ठरवणारा हात एकच होता.

२२)
आता त्या जानेवारीकडे परत. एलिझाबेथने तिचा एकटेपणा आधी पत्रात लिहून त्याला दिला होता. नोव्हेंबर १६६२ मध्ये पीप्सने ते पत्र न वाचताच जाळले. तिने मात्र प्रत ठेवली होती. पेटीतून निघाली ती हीच.

तो का चिडला, याची कारणे त्यानेच दिली आहेत. लिखाण बोचरे होते. ते सरळ इंग्रजीत होते, म्हणजे कोणाच्याही हाती पडून वाचले जाण्याचा धोका होता. आणि त्यातले बहुतेक खरे होते, हेही त्याने मान्य केले आहे.

रोजनिशीतील ही कबुली सर्वांत जड आहे. ते खोटे होते म्हणून फाडले गेले नाही. ते खरे आणि वाचता येण्याजोगे होते, म्हणून फाडले गेले.

२३)
त्याचे स्वतःचे लिखाण वाचता येण्याजोगे नव्हते. थॉमस शेल्टन याने रचलेल्या लघुलिपीत तो लिहीत असे. काही नावे आणि स्थळे तेवढी साध्या अक्षरांत. मराठी वाचकाला येथे मोडी आठवेल, पण फरक मोठा आहे. मोडी ही कचेरीची उघड लिपी होती, अनेकांना येणारी. पीप्सच्या घरात त्याच्या लघुलिपीने पडद्याचे काम केले.

रोजनिशीचे अस्तित्वही त्याने जपून ठेवले. मार्च १६६९ मध्ये सर विल्यम कॉव्हेन्ट्रीजवळ त्याने ते उघड केले आणि लगेच त्याला सांगितल्याचा पश्चात्तापही झाला.

एकाच घरात दोघे लिहीत होते. एकाला लघुलिपीचे कुलूप होते. दुसरीच्या पेटीला कुलूप असूनही उपयोग झाला नाही.

२४)
३१ मे १६६९ रोजी पीप्सने शेवटची नोंद केली. मेणबत्तीच्या उजेडातील बारीक लिखाणाने डोळे जाणार, अशी त्याची खात्री झाली होती. यापुढे लिहायचे तर कारकुनांकरवी, म्हणजे साऱ्या जगाला चालेल तेवढेच. रोजनिशी सोडणे त्याला स्वतःच्या थडग्यात उतरण्यासारखे वाटले.

तो आंधळा झाला नाही. त्यानंतर चौतीस वर्षे जगला, नौदलाचा सर्वोच्च सचिव झाला, रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. एलिझाबेथ मात्र त्याच वर्षी, १० नोव्हेंबर १६६९ रोजी, तापाने मरण पावली. वय २९. पीप्सने पुन्हा विवाह केला नाही. सेंट ओलाव्ह चर्चमध्ये त्याने तिचा अर्धपुतळा बसवला. १७०३ मध्ये तोही तिच्याशेजारीच पुरला गेला.

२५)
सहा खंड त्याने जाळले नाहीत. उलट चांगली बांधणी करून आपल्या तीन हजार ग्रंथांच्या संग्रहात ठेवले. तो संग्रह १७२४ मध्ये मॉडलिन कॉलेजात पोहोचला. तेथे ते खंड जवळजवळ शतकभर कोणी न वाचता पडून होते.

१८१८ मध्ये पीप्सचा मित्र जॉन ईव्हलिन याची रोजनिशी प्रसिद्ध झाली आणि कुतूहल जागे झाले. १८१९ ते १८२२ या काळात जॉन स्मिथ या विद्यार्थ्याने एकेक खूण लावत सारी लिपी उलगडली. त्या लिपीची शेल्टनची मार्गदर्शिका त्याच ग्रंथालयात, त्याच संग्रहात होती. हे त्याला कोणी सांगितलेच नाही.

२६)
१८२५ मध्ये लॉर्ड ब्रेब्रुकने रोजनिशीचा निवडक भाग छापला. राजकारण राहिले, आग आणि प्लेग राहिले. घरातील बराचसा भाग ‘अप्रस्तुत’ ठरला आणि अश्लाघ्य भाग गाळला गेला. संपूर्ण, काटछाट नसलेली आवृत्ती १९७० ते १९८३ या काळात प्रसिद्ध झाली, रॉबर्ट लॅथम आणि विल्यम मॅथ्यूज यांच्या संपादनाखाली.

म्हणजे लिखाण उरले तरी ते पूर्ण वाचले जायला तीनशे वर्षे लागली. काय जपायचे हे एक पिढी ठरवते, काय छापायचे हे दुसरी, आणि काय महत्त्वाचे मानायचे हे तिसरी. टोपली, पाढे, मांजर आणि डेब विलेट हे सारे आज इतिहासाचा विषय आहेत. दोनशे वर्षांपूर्वी ते नव्हते.

२७)
९ जानेवारी १६६३ च्या त्या बाडातून काही कागद वाचले. एक कर्जरोखा, विवाहाचा परवाना, आणि पीप्सने एलिझाबेथला पाठवलेले पहिले पत्र. बाकीचे बहुतेक तुकडे त्याने आपल्या खोलीत नेऊन जाळले. फाडताना आपल्या मनाला यातना होत होत्या, असेही त्याने लिहिले आहे, आणि त्यावर अविश्वास ठेवण्याचे कारण नाही.

काय वाचवायचे, हेही त्यानेच ठरवले. जे वाचले ते त्याचे होते किंवा कायद्याचे होते. तिने स्वतःविषयी लिहिलेले एकही पान त्यात नव्हते.

२८)
एलिझाबेथने नेमके काय लिहिले होते, हे आता कधीच कळणार नाही. त्यात रविवारची दुपार असेल, जेनशी झालेले बोलणे असेल, खिडकीतून दिसणारी सीदिंग लेन असेल. किंवा यातले काहीच नसेल. साडेबारा लाख शब्दांच्या त्या रोजनिशीत तिच्या पानांना मिळाल्या आहेत मोजक्या ओळी. ते बोचरे होते, इंग्रजीत होते, आणि बहुतांशी खरे होते.

जुने दप्तर उघडताना अभ्यासकाने दोन प्रश्न सोबत ठेवावेत. हे कोणी लिहिले, हा पहिला. त्याच घरात आणखी कोण लिहीत होते, हा दुसरा.

(धागा समाप्त)